कॉलेजांची गाळप क्षमता आणि गावातली मुले



साखर कारखाना चालवायचा म्हणजे दोन आकडे सारखे डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. एक म्हणजे मिलची गाळप क्षमता आणि दुसरा म्हणजे कार्यक्षेत्रातली उसाची नोंद. क्षमता मोठी आणि नोंद तोकडी, अशी गत झाली की पुढे काय होते, हे विदर्भातल्या सभासदाला कोणी शिकवायला नको. आपल्या या भागात कितीतरी सहकारी कारखाने मोठ्या हौसेने उभे राहिले. ऊस पुरला नाही, हंगाम अर्ध्यावर आटोपले, कर्जे थकली आणि त्यांतले बरेचसे बंद पडले किंवा विकले गेले. यंत्रे चांगली होती, माणसेही सगळीच काही वाईट नव्हती. गव्हाणीत टाकायला मोळी नव्हती, एवढेच.

आज जवळजवळ हीच पाळी आपल्या ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेजांवर येऊ लागली आहे. कारखान्याच्या पत्रकात हा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. परंतु तालुक्याच्या कॉलेजात शिकतात ती आपलीच पोरे-पोरी, आणि त्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर बसतात तेही बहुतेक आपल्यातलेच. तेव्हा हा हिशेब आपण आपल्या भाषेत एकदा मांडून पाहू.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात पहिल्यांदाच एकाच ऑनलाइन पद्धतीने झाले. तोवर ही पद्धत पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. तालुक्याच्या ठिकाणी किती जागा भरल्या नि किती रिकाम्या राहिल्या, हे ज्याचे त्याला ठाऊक. सगळे एका वहीत आले तेव्हा दिसले ते असे. राज्यात अकरावीच्या जागा २१ लाखांच्या वर. प्रवेश झाले साडेतेरा लाखांच्या आसपास. म्हणजे सुमारे ८ लाख जागा मोकळ्या. शंभर खुर्च्यांत जवळपास अडतीस रिकाम्या! एखाद्या कारखान्याने एवढ्या कमी क्षमतेने हंगाम काढला असता तर वार्षिक सभेत चेअरमनला उभे राहू दिले नसते.

आता कोणी म्हणेल, यात मुले कमी झाली कुठे? जागाच बेसुमार वाढवल्या. हे म्हणणे निम्मे खरे आहे. जागा वाढवल्याच. पण मुलेही कमी झाली, आणि ती कमी झालेली आपल्या लक्षात आली नाहीत याला एक कारण आहे. ते कारण ऊस उत्पादकाला चटकन कळेल.

दहावीचा निकाल घ्या. २०१७ साली राज्यात नियमित परीक्षार्थी बसले १६ लाख ४४ हजार. निकाल लागला ८८.७४ टक्के. पास झाले १४ लाख ५८ हजार. आता २०२५ पहा. बसले १५ लाख ४६ हजार, म्हणजे सुमारे एक लाखाने कमी. निकाल लागला ९४.१० टक्के. पास झाले १४ लाख ५५ हजार. म्हणजे ऊस लाखाने घटला, उतारा वाढला, आणि पोती जवळजवळ तेवढीच भरली. गोडाऊनमध्ये पोती मोजणाऱ्याला वाटले की सगळे ठीक चालले आहे.

परंतु उतारा किती वाढेल याला मर्यादा आहे. शंभरातली चौऱ्याण्णव मुले पास झाल्यावर वर उरतात सहा. शिवाय हा उतारा उसाच्या गुणाने वाढला की मोजण्याच्या पद्धतीने, हाही प्रश्न आहेच. २०१९ साली भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद केले तेव्हा निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. ते गुण पुन्हा सुरू झाल्यावर २०२० साली तो ९५.३० वर चढला. मुले एका वर्षात एवढी हुशार होत नसतात. तेव्हा उताऱ्याच्या भरवशावर पुढचे हंगाम काढता येणार नाहीत, हे धरून चालावे.

नोंद अठरा वर्षे आधी

आपली आडसाली लागण अठरा महिन्यांची. कॉलेजचे पीक अठरा वर्षांचे. म्हणजे त्याची नोंद अठरा वर्षे आधी हातात असते. कोणी बघत नाही, हा भाग वेगळा.

जनगणनेची नोंद पहा. सहा वर्षांपर्यंतची मुले महाराष्ट्रात २००१ साली होती सुमारे १ कोटी ३७ लाख. २०११ साली ती झाली सुमारे १ कोटी ३३ लाख. दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या दीड कोटीने वाढली आणि लहान मुले मात्र घटली. २०११ साली अंगणवाडीच्या वयाची असलेली ही मुले अठराव्या वर्षात येऊ लागली ती २०२२ पासून, आणि २०२९ च्या सुरुवातीपर्यंत येत राहणार. म्हणजे आज कॉलेजच्या दारात उभी आहेत ती हीच मुले.

गावात लोक विचारतात, लोकसंख्या तर वाढतेच आहे, मग पोरे कमी कशी? आपल्या वाशिम जिल्ह्याचेच पाहा ना. २००१ साली १० लाख २० हजार माणसे होती, २०११ साली ती ११ लाख ९७ हजार झाली. वाढ झाली हे खरे. पण ही वाढ पाळण्यातली नाही. माणसे जास्त जगू लागली, म्हातारी माणसे टिकली, आणि पूर्वी जन्मलेल्या तरुण पिढीची घरे झाली. प्रत्येक घरातली मुले मात्र कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली महाराष्ट्रात एका बाईला सरासरी २.९ मुले होती. २०१५-१६ साली ती १.९ झाली आणि २०१९-२१ साली १.७. आई-बापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढायची तर २.१ लागतात. आपण त्याच्या खाली जाऊन बरीच वर्षे झाली. त्यातून आपल्या जिल्ह्यात २०११ साली दर हजार लहान मुलग्यांमागे मुली नऊशेच्या आत होत्या. त्या मुली जन्मालाच आल्या नाहीत. आता कॉलेजातही त्या दिसणार नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

'हम दो हमारे दो' भिंतीभिंतीवर रंगवले तेव्हा यश येईल की नाही याची काळजी होती. यश आले, आणि ते चांगलेच झाले. घरात मुले कमी म्हणून तर आपण त्यांना अकरावी-बारावीपर्यंत शिकवू शकलो. तक्रार मुले कमी झाल्याची करायची नाही. क्षमता त्याप्रमाणे आखली नाही, ही आहे.

खालच्या वर्गांत तर हे केव्हाच दिसू लागले आहे. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात २०२३ साली १४,७८३ होत्या. त्यांत मुले १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९ हजारांच्या वर. शासनाने त्या साली अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले आणि त्यावर खूप ओरड झाली. ओरड रास्तही होती, कारण सहा वर्षांच्या लेकराला ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला पाठवायचे म्हणजे शाळा सुटल्यातच जमा. पण ज्या वर्गात आज बारा मुले आहेत, तो वर्ग आठ-दहा वर्षांनी अकरावीला जाईल तेव्हाही बाराचे वीस होणार नाहीत.

क्षमता वाढली कशी

आपल्या भागात शिक्षण आले ते लोकांच्या वर्गणीतून. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि तिच्या शाळा वऱ्हाडभर पसरल्या. पश्चिम महाराष्ट्रात प्रवरानगरला विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी कारखाना काढला, १९५०-५१ साली तो सुरू झाला. पुढे कारखान्यापाठोपाठ शाळा, वसतिगृहे, कॉलेजे आली. उसाच्या बिलातून टनामागे थोडे पैसे कापून शिक्षणाला लावण्याची पद्धत अनेक कारखान्यांनी पाडली. १९७५ साली जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली आणि गावोगावच्या हायस्कुलांना ज्युनिअर कॉलेज जोडली जाऊ लागली. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाले. त्यामुळे आपल्या पोरांचे नागपूरचे हेलपाटे कमी झाले.

तोवरचे सगळे गरजेचे होते. पुढे मात्र गरजेपेक्षा मान मोठा झाला. एका गटाने कॉलेज काढले की दुसऱ्या गटाने काढलेच पाहिजे. एका संस्थेला सायन्सची तुकडी मिळाली की समोरच्या संस्थेला ती हवीच. कायम विनाअनुदानित, अंशतः अनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित अशी नावे बदलत गेली. गावात रिंगण एकच, मुले तीच. डी.एड. कॉलेजांचे तर आपण डोळ्यांनी पाहिले. मास्तरकी हमखास म्हणून ती पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. मग २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली. हजेरीपटावरची कितीतरी मुले फक्त कागदावरच असल्याचे उघड झाले, आणि पुढच्या वर्षी शिक्षकभरतीला कात्री लागली. डी.एड.ला जाणार कोण? कितीतरी विद्यालयांना कुलपे लागली. इंजिनिअरिंगचेही २०१५ च्या सुमारास तसेच झाले होते. कॉम्प्युटरच्या शाखांनी ते पुन्हा सावरले, तेही मुख्यतः शहरांत.

पळवापळवी

ऊस कमी पडला की शेजारच्या कार्यक्षेत्रात टोळ्या घुसतात. इकडे मे-जूनमध्ये शिक्षक फिरतात. ज्यांनी वर्गात शिकवायचे ते उन्हातान्हात फटफटीवर दहावीच्या मुलांची यादी घेऊन घरोघरी जातात. 'आमच्याकडे या, फी आम्ही भरतो, पास आम्ही काढून देतो, पुस्तके देतो.' यात त्या शिक्षकांना हसण्यासारखे काही नाही. तुकडीत पट टिकला तर पद टिकते. पट गेला की संचमान्यतेत माणूस अतिरिक्त ठरतो, मग समायोजनाची वाट पाहत बसायचे. सिनिअर कॉलेजात विद्यार्थी घटले की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा भरली जात नाही, आणि त्या विषयाला तासिका तत्त्वावर कोणी तरी येऊन जातो. शिकवणे पातळ झाले की चांगली मुले दुसरीकडे जातात. मग पट आणखी घटतो. ही घसरगुंडी एकदा सुरू झाली की मध्ये थांबत नाही.

दुसरी गोष्ट आणखी वाईट, ती म्हणजे नावापुरती मुले. बारावीला राज्यात जवळपास निम्मी मुले आता सायन्सला असतात. त्यांतली परिस्थिती बरी असलेली पोरे नीटच्या तयारीला अकोल्याला किंवा लातूरला क्लासमध्ये बसतात. नाव मात्र इकडच्या एखाद्या कॉलेजात असते. कॉलेजला पट मिळतो, मुलाला हजेरीची कटकट नाही, क्लासवाल्याला दिवसभर मुलगा मिळतो. तिघेही खूश. पण त्या वर्गात खरोखर येऊन बसणारी दहा-पंधरा मुले-मुली उरतात, त्यांचे काय? प्रयोगशाळेत बाटल्यांवर धूळ, आणि परीक्षेच्या आधी एकदम सगळी प्रॅक्टिकल. गव्हाणीत न पडलेल्या उसाचे वजन काट्यावर दाखवले तर त्याला आपण काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.

या सगळ्यात पहिला फटका कोणाला बसतो, हे नीट ओळखले पाहिजे. ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याचा मुलगा पुण्याला शिकेल. तालुक्यातली सायन्सची तुकडी बंद पडली तर अडते ती मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या खेड्यातली मुलगी. गावातून एस.टी.ने सकाळी जाऊन दुपारी परत येता येते म्हणून तिला घरून परवानगी असते. बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा प्रवास मोफत आहे. त्या बसचा आणि त्या तुकडीचा मेळ आहे तोवर ती शिकते. तुकडी गेली की खोली करून अकोल्याला राहा, म्हणून कोण सांगणार? तिला आर्ट्सला बसवतात, नाहीतर स्थळ बघतात.

आपल्या एकट्यावर आलेले हे संकट नाही, म्हणून जगातले दोन दाखले देतो. जपानमध्ये अठरा वर्षांची मुले १९९२ साली २० लाखांवर होती. आता ती ११ लाखांच्या घरात आहेत. २०२४ साली तिथल्या निम्म्याहून अधिक खासगी विद्यापीठांच्या जागा पुऱ्या भरल्या नाहीत. दक्षिण कोरियात लोक म्हणतात की चेरीची झाडे ज्या क्रमाने फुलतात, त्याच क्रमाने कॉलेजे बंद पडणार. तिकडे वसंत दक्षिणेकडून येतो आणि राजधानी सेऊल उत्तरेला आहे. राजधानीपासून जे लांब, ते आधी बंद, असा त्याचा अर्थ. आपण मुंबई-पुण्याहून किती लांब आहोत, ते एस.टी.च्या तिकिटावर छापलेले असते.

न तुटलेला फड

पण आपल्यात आणि जपानात एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते सगळी आशा त्या फरकातच आहे. तिकडे बहुतेक सगळी मुले आधीच शिकत आहेत. शोधायला कोणी उरलेले नाही. आपल्याकडे २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात अठरा ते तेवीस वयाच्या मुलांमागे कॉलेजात असलेल्यांचे प्रमाण ३५.३ टक्के होते. देशाच्या २८.४ पेक्षा ते बरे. तरी शंभरातले पासष्ट बाहेरच. म्हणजे शेजाऱ्याचा ऊस पळवायची गरजच नाही. आपल्याच शिवारात फडच्या फड उभे आहेत आणि तिकडे टोळी गेलेलीच नाही.

हे पासष्ट कोण आहेत? काही नापास झालेले. काही दहावीला पास होऊन घरी बसलेले, कारण बाप गेला किंवा सोयाबीनला भाव मिळाला नाही. काही मुली. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. त्यांची नावे कोणत्या कॉलेजच्या मेरिट लिस्टमध्ये शोधणार? आणि काही, हे आपण कारखानदारीतल्या लोकांनी तरी बोलले पाहिजे, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले. दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात, कोयत्याबरोबर पोरेही जातात. म्हातारी आजी घरी असली तर मूल शाळेत टिकते. नसली तर सहा महिने फडातल्या खोपीवर लहान भावंडे सांभाळते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती आठवी-नववीच्या पुढच्या पोरीला धरून ठेवील इतकी सगळीकडे नीट चालतेच असे नाही. साखर पोत्यात पडते ती यांच्या हातून, आणि आपल्या कॉलेजच्या रिकाम्या खुर्च्याही यांच्याच पोरांच्या आहेत.

फीचे म्हणाल तर मुलींच्या बाबतीत ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी, नर्सिंग त्यात येते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला पाहिजे आणि कागद वेळेवर पाहिजेत. उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये काढायला गेले तर सेतू केंद्रात रांग लागते. तो एप्रिलमध्येच काढावा. मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून जागा घेतली तर माफी नाही, हे काही एजंट मुद्दाम सांगत नाहीत.

संस्थाचालक मंडळींना दोन शब्द सांगायचे तर, नव्या तुकडीचा प्रस्ताव घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढणे आता थांबवावे. एका गावात तीन ठिकाणी सायन्सच्या तीन अर्ध्या तुकड्या चालवण्यापेक्षा एकाने सायन्स नीट चालवावे, दुसऱ्याने कॉमर्स, तिसऱ्याने शेती आणि धंद्याचे शिक्षण घ्यावे. राजकारणात हे अवघड आहे, हे मला कळते. परंतु दोन कारखाने एकमेकांचा ऊस पळवून दोघेही बुडाल्याचे आपण पाहिले आहे, तेव्हा यातले शहाणपण पटायला हरकत नसावी.

आणि सभासदांकडून एक काम. आपल्याकडे उसाची नोंद गटवार, गाववार, शेतकऱ्याच्या नावासकट असते. कोणाचा खोडवा किती गुंठे, हे चिटबॉय तोंडपाठ सांगतो. तशीच एक वही प्रत्येक गावात दहावीच्या निकालानंतर करावी. दहावीला बसलेल्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव, पास की नापास, आणि पंधरा ऑगस्टला ते कुठे आहे: कॉलेजात, आयटीआयत, पॉलिटेक्निकला, घरी, की कामावर. पन्नास-साठ नावांचे गाव असते, दोन संध्याकाळी काम होते. 'घरी' असे ज्यांच्यापुढे लिहावे लागेल त्यांच्या घरी जावे आणि कारण काय ते त्याच ओळीत लिहावे. फी, बस, लग्न, आजारपण, तोडीला गेले, की नापास होऊन लाजेने बसले. नापास झालेल्याला त्याच वर्षी पुन्हा बसता येते, हे बऱ्याच घरी माहीतच नसते. तांड्यातली नावे वेगळ्या पानावर घ्यावीत, कारण त्यांचे काम दिवाळीच्या आत, टोळ्या निघायच्या आधी करायचे आहे.